रांडाव आणि रांड: शब्द एकच आहे का?

कृष्णाकाठ:
गेल्या महिन्यात चुलत बहिणीची हळद होती. आजीला म्हटलं चल की हळद लावायला, तर ती उंबऱ्यातच थांबली आणि म्हणाली, "मी रांडाव बाई, मला कशाला पुढं करताय." अगदी सहज बोलली, स्वतःला शिवी देतेय असं तिच्या तोंडावर कुठंच दिसलं नाही. आणि त्याच रात्री माडीवर मामेभाऊ मोबाईलवर गेम खेळत होता, समोरची कुणीतरी मुलगी जिंकली तर हा तिला रांड रांड म्हणून ओरडत होता, वय वर्षं चौदा. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. दोन्ही शब्द एकच आहेत का? आणि असतील तर नवरा गेलेल्या बाईचा शब्द शिवी कसा काय झाला? आईला विचारलं तर म्हणाली असलं काही बोलू नये. बोलायचंच नाही म्हणून तर कळत नाही ना. कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

जुनी_पोथी:
एकच आहे. संस्कृत रण्डा म्हणजे विधवा, त्यावरून आपली रांड, रांडाव, रंडकी. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशातही विधवा हा अर्थ आहे. शेजारच्या भाषांत अजून स्पष्ट दिसतं. गुजरातीत रांडवुं म्हणजे विधवा होणं, पंजाबीत रंडी म्हणजे चक्क विधवा, हिंदीत रंडुआ म्हणजे बायको मेलेला पुरुष. काशीबद्दल म्हण आहे, "रांड सांड सीढ़ी संन्यासी, इनसे बचे तो सेवे काशी", त्यातली रांड म्हणजे काशीला आणून सोडलेल्या विधवा.
पण आधी साधा शब्द होता आणि मग बिघडला असं मात्र समजू नका. संस्कृतातसुद्धा रण्डा विधवेलाही म्हणायचे आणि बाईला शिवी म्हणूनही द्यायचे, दोन्ही तेव्हापासूनच आहे. आणि रण्ड म्हणजे तुटलेलं, अवयव गेलेलं. म्हणजे नवरा मेला की बाई तुटकी झाली, हे त्या नावातच बसलेलं आहे.

शिरोळचा_पाटील:
आमच्या कोल्हापूर भागात रांडाव शब्द अजून कॅलेंडरसारखा वापरतात. सौंदत्तीच्या यल्लम्माची, म्हणजे रेणुकेची, रांडाव पुनव असते, तिचा नवरा जमदग्नी मारला गेला आणि रेणुका विधवा झाली म्हणून त्या दिवशी बांगड्या फोडतात, मग पुढं अहेव (म्हणजे सवाष्ण) पुनव, तेव्हा परत चुडा भरायचा. तुमच्या आजीच्या तोंडात तो त्या अर्थानं आला असणार, अहेवच्या उलट रांडाव, एवढंच. आणि आमच्याकडं रांडापोरं म्हणजे नुसती बायकामुलं, "रांडापोरं घेऊन जत्रेला गेला" असं म्हातारी माणसं बोलतात, कुणाला वाईट वाटत नाही. आज्या तर नातीला लाडानं "ये रांडे जेवायला" म्हणतात. म्हणून शब्दाला फार दोष देऊ नये असं मला वाटतं.

निळी_शाई:
पाटीलदादा, आजीनं नातीला म्हटलं तर त्यात माया असते हे मान्य, पण तेच तिच्या सासऱ्यानं सुनेला म्हटलं तर? तोच शब्द, तेच घर. आणि "रांडापोरं" मध्ये आपल्याला वाईट वाटत नाही म्हणता, पण सगळ्या बायकांना मिळून रांडा म्हणायची सवय झाली हे मला तर जास्तच लागतं.
कृष्णाकाठ, तुझा खरा प्रश्न विधवेची शिवी का झाली हा आहे ना, तर जरा पुरुषांकडे बघ. बायको मेलेला माणूस परत लग्नाला उभा राहिला की त्याला बिजवर म्हणतात. म्हणजे तो वरच, फक्त दुसऱ्यांदा. बाईला मात्र असा मानाचा शब्द नाही. बऱ्याच जातींत विधवेचा पाट लावायची, म्होतूर करायची, म्हणजे तिचं दुसरं लग्न लावायची पद्धत होती, पण तेसुद्धा रात्री, गुपचूप, लग्नाचा मान त्याला नव्हता. आणि जिथं तेही नव्हतं तिथं दहाबारा वर्षांच्या पोरींचे केस काढून आलवण, म्हणजे विधवेचं लाल लुगडं, नेसवून कोपऱ्यात बसवायचे आणि वर बोडकी म्हणून हाक मारायचे. घरातल्याच कुणी तिच्यावर हात टाकला की वाईट चालीची तीच. फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते असल्याच मुलींसाठी. ज्या बाईवर एका पुरुषाची मालकी नाही ती कुणाचीही, असं सगळ्यांनी धरून चालायचं, म्हणून विधवा आणि वेश्या एका शब्दात आल्या. मला तरी दुसरं कारण दिसत नाही.
आणि शब्द बदलून काही होत नाही हेही बघ. लग्नपत्रिकेत गं. भा. छापतात, गंगा भागीरथी, केवढं पवित्र नाव, पण ते वाचून कुणाला गंगा आठवते का, नवरा नाही एवढंच कळतं. २०२३ मध्ये विधवा ऐवजी सरकारीही हाच शब्द वापरावा असा प्रस्ताव आला होता, तेव्हा बायकांनीच विरोध केला, बरोबर केलं.

शिरोळचा_पाटील:
ताई, सासऱ्याचं बोललात ते पटलं, आमच्याच घरात ऐकलंय मी ते. आणि एक सांगायचं राहिलं, हेरवाड आमच्याच तालुक्यातलं. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद, आणि त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या गावांनीही असं करावं म्हणून परिपत्रक काढलं. तोंडातला शब्द जायला वेळ लागेल पण बांगडी फोडायची थांबली तरी पुष्कळ.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे खूप आभार. काल आजीला हे सगळं वाचून दाखवलं. बिजवर या शब्दापाशी आल्यावर म्हणाली, तुझा आजा बिजवरच होता की. मला हे आयुष्यात पहिल्यांदा कळलं. पहिली बायको बाळंतपणात गेली आणि वर्षाच्या आत ते बोहल्यावर, आजी तेव्हा सोळाची. मामेभावालाही बसवून सांगितलं, आजी स्वतःला काय म्हणाली आणि तू काय ओरडत होतास ते, तर गप्प बसला, बघू. दिवाळीनंतर माझ्या भावाचं लग्न आहे. पत्रिकेत आजीच्या नावामागं गं. भा. नको, नुसतं नाव छापा असं बाबांना सांगितलंय, आणि पहिली हळद तिनंच लावायची. पत्रिकेचं बाबांनी ऐकलं. हळदीला आजी अजून हो म्हणत नाहीये.