खाडीतला जिताडा परत आणता येईल का?

प्रश्न : पेणजवळच्या आमच्या गावी वडील पाग (फेकजाळे) टाकून जिताडा आणि बोय हे मासे आणीत असत, आता पागात प्लॅस्टिकच अधिक येते. मासळी परतावी म्हणून कांदळवन (खारफुटीचे जंगल) लावणे पुरेसे आहे का?

प्रतिसाद १ : माझ्या मते आधी उघाड्या, म्हणजे बांधातील पाण्याची दारे, पाहाव्यात. जिताडा खाडीच्या मुखाजवळ खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याची पिल्ले भरतीबरोबर आत शिरून उथळ खाजणांत (भरतीचे पाणी शिरणाऱ्या दलदलीत), ओढ्यांत वाढतात. परंतु खारबंदिस्तीच्या, म्हणजे भरतीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधाच्या, उघाडीची झडप ओहोटीला पाणी बाहेर सोडते आणि भरतीला मिटते, त्यामुळे पिल्लांची वाटच बंद होते. शिवाय हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर बहुधा मादी होतो, म्हणून बोटभर पिल्ले बारीक आसाच्या (भोकांच्या) जाळ्याने उपसली तर पुढे अंडी घालायला माद्याच उरत नाहीत. पडीक खारजमिनीपुरती तरी झडप भरतीला उघडी ठेवावी, अर्थात शेजारच्या भातशेतीवाल्यांना विचारूनच.

प्रतिसाद २ : सहमत. भरतीचे पाणी खेळू लागले की तिवराचे (कांदळवनातील एका झाडाचे) बी त्याबरोबर येऊन आपोआप रुजते. उघड्या चिखलावर मात्र रोपे लावू नयेत, कारण तिथे निवट्यांची (चिखलात राहणाऱ्या छोट्या माशांची) बिळे असतात. उभे कांदळवन तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली मनाई केली आहे. तोड दिसल्यास लेखी तक्रार अवश्य करा.

प्रतिसाद ३ : सांडपाणी विसरू नका. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि मग वाट मोकळी असूनही पिल्ले तगत नाहीत.