चारुलताची दुर्बीण

सिनेमात एकटेपण दाखवायला पात्राला फ्रेमच्या कोपऱ्यात ठेवतात असं म्हणतात, ते पटतं. पण पात्र अगदी मध्यभागी असूनही ते जाणवू शकतं. सत्यजित राय यांच्या 'चारुलता' (१९६४) या बंगाली चित्रपटाची सुरुवात बघा. नायिका चारू खिडकीच्या झडपांतून रस्त्यावरची माणसं छोट्या दुर्बिणीने न्याहाळत असते. मग नवरा पुस्तकात डोकं खुपसून तिच्या जवळून निघून जातो, त्याचं लक्षही नसतं. त्याच्याकडेही ती दुर्बिणीतूनच बघते! हाताच्या अंतरावरचा माणूस, आणि बघायला भिंग लागतं. तिचा हात खाली येतो, कॅमेरा झटकन मागे जातो, नि त्या प्रशस्त घरात ती एवढीशी दिसायला लागते. संवाद जवळजवळ नाहीतच. अशा जागी पार्श्वसंगीत भावना समजावून सांगायला लागलं की मला फार खटकतं.