बजरीगरला मटकी (अंडी घालायचं मडकं) लावू की नको? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी मानेवाड्याला राहतो. दीड वर्षापासून घरी बजरीगरची, म्हणजे छोट्या पोपटांची, जोडी आहे (दुकानदाराने 'लव्हबर्ड' म्हणून दिली होती, असो). सध्या मादीच्या चोचीवरचा भाग गडद तपकिरी, खरबरीत झालाय आणि नर दिवसभर तिला भरवतो, म्हणजे जोडी अंडी घालायच्या तयारीत दिसते. पोरगी मागे लागली आहे, "बाबा, मटकी लावा ना!"

4 ते 6 अंडी, साधारण 18 दिवसांनी पिल्लं, पुढे महिनाभर ती मटकीत, इतपत माहीत आहे. पण मार्च संपतोय. म्हणजे पिल्लं मटकीत असणार ऐन मेमध्ये, अन् आपल्या नागपूरचा नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) काय असतो ते सांगायला नको. कूलर लावला तर दमटपणा, नाही लावला तर खोलीची भट्टी.

मादीची पहिलीच वेळ, त्यामुळे अंडं अडकण्याचीही धास्ती वाटते. कॅल्शियमसाठी समुद्रफेस टांगलाय, राळ्यासोबत शेवग्याचा पाला, उकडलेलं अंडं देतो. एवढं पुरे का?

शिवाय पिंजरा जेमतेम दोन फुटी. पिल्लं विकायची नाहीत, मग ठेवू कुठे?

विदर्भातल्या उन्हाळ्यात कुणी पिल्लं काढली असतील तर सांगा. पावसाळा संपेपर्यंत थांबू, की मटकीचा नादच सोडू? बायकोचं मत दुसरं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.