क्लबहाऊसच्या गिझरचा प्लग (पुन्हा)

ए-१०३: क्लबहाऊसच्या गिझरचा प्लग पुन्हा वितळलाय. तिसऱ्यांदा. फोटो टाकलाय, पिना काळ्याठिक्कर पडल्यात. मागच्या मीटिंगला "बघतो" म्हणाला होतात. अजून बघणंच चाललंय का?

सेक्रेटरी: नमस्कार. तिथला मेन बंद केलाय, कोणीही चालू करू नये. वायरमन सकाळी येतोय. कृपया भाषा जपावी.

ए-१०३: भाषा जपली म्हणूनच एवढ्यावर थांबलो.

डी-५०२: एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) १६ अँपिअरचा आहे. ३२ चा टाका, विषय संपला.

सी-३०१: पाण्याआधी ग्रुप तापला 😀

बी-२०४: काका, एमसीबी एकदाही पडलेला नाही. तो पडत नाही आणि प्लग मात्र जळतो, हीच तर काळजीची गोष्ट आहे. गिझर २००० वॅटचा. २००० भागिले २३० व्होल्ट म्हणजे ८.७ अँपिअर. १६ च्या एमसीबीला यात काहीच वावगं दिसणार नाही.

ए-१०३: मग गिझरच खराब आहे. बदला.

बी-२०४: तेही मोजून ठरवू या ना. सकाळी मी वायरमनबरोबर थांबते.

सी-३०१: मोजण्यावर माझा विश्वास नाही. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब मी मल्टिमीटरने मोजला, रोध (रेझिस्टन्स) जेमतेम ७० ओहम दाखवला. २३० चा वर्ग भागिले ७०, म्हणजे साडेसातशे वॅट! बोला आता.

बी-२०४: दादा, तुम्ही थंड बल्ब मोजलात. पेटल्यावर तार पांढरी तापते आणि रोध दसपटीहून जास्त वाढतो, ८८० ओहमच्या आसपास जातो. तुमचं गणित बरोबर आहे, पण ते फक्त बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणापुरतं.

सेक्रेटरी: विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. पंपाला ७ अँपिअर येतात. ७ गुणिले २३० म्हणजे १६१० वॅट. पंपावर १ एचपी लिहिलंय, म्हणजे ७४६ वॅट. आपल्याला फसवलंय का?

ए-१०३: पंप नंतर!! आधी प्लग.

बी-२०४: थोडक्यात सांगते. मोटरला नुसता गुणाकार चालत नाही, पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला खरोखर वापरल्या जाणाऱ्या विजेचा हिस्सा, लावावा लागतो. शिवाय ७४६ हे दांड्यावर मिळणारं काम, आत जाणारी वीज त्याहून जास्तच असते. एवढ्यावरून फसवलं म्हणता येणार नाही. गिझरची कॉइल म्हणजे निव्वळ रोध, तिथे सरळ गुणाकार चालतो.

डी-५०२: एमसीबी ३२ चा टाका, विषय संपला.

(दुसऱ्या दिवशी)

बी-२०४: रीडिंग घेतली. तात्पुरता तोच प्लग लावून वायरमनने मीटर धरला, मी बाजूला उभी राहून लिहून घेतलं. गिझर चालू असताना
सॉकेटच्या मागच्या स्क्रूंवर २२६ व्होल्ट
गिझरच्या टर्मिनलवर २२० व्होल्ट
क्लॅम्पमीटरवर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजतात तो) ८.३ अँपिअर

२२० भागिले ८.३ = २६.५ ओहम. २००० वॅटच्या कॉइलचा रोध एवढाच हवा. २२० गुणिले ८.३ = साधारण १८२५ वॅट. २००० नाहीत, कारण व्होल्टेज कमी आहे आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने घटते. गिझर ठणठणीत आहे.

आता मधले ६ व्होल्ट बघा. वायर जेमतेम मीटरभर, तिच्यात पाव व्होल्टसुद्धा जात नाही. बाकीचे सगळे पिना आणि सॉकेटच्या आत पिना पकडणाऱ्या सैल धातूच्या पत्त्यांमध्ये जातायत. ६ गुणिले ८.३ = ५० वॅट. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं आणि ते कथील वितळवतं. तशी दोन आपण प्लास्टिकच्या आत कोंडून ठेवलीत.

ए-१०३: बापरे. आणि तिथे मुलं ओल्या हाताने येतात.

बी-२०४: म्हणून तर एवढं लिहितेय. आधी दोन्ही वेळा आपण फक्त प्लग बदलला, सॉकेट तोच. त्याच्या पत्त्या ढिल्या झाल्यात. सैल पकड, जास्त रोध, जास्त उष्णता, त्याने पत्ती आणखी सैल. नवा प्लगही तसाच जळणार.

डी-५०२: पण एमसीबी ३२ चा...

बी-२०४: काका, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगते, हे कृपया पुन्हा लिहू नका. सैल जोडामुळे करंट वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. एमसीबीला ते कळणारच नाही. आणि भिंतीतली वायर १६ च्या हिशोबाने टाकलेली आहे. उद्या खरंच २५ अँपिअर गेले तर ३२ चा एमसीबी गप्प बसेल आणि भिंतीत वायर तापेल.

डी-५०२: बरं. रागावू नकोस. माझ्या घरी मी मागेच ३२ चा बसवून घेतलाय.

बी-२०४: काका!! आज गिझर लावू नका. वायरमन इथेच आहे, वर पाठवते.

सेक्रेटरी: सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलले. जबाबदारी माझी होती, उशीर झाला, क्षमस्व.

ए-१०३: ठीक आहे. आता रीडिंग किती?

बी-२०४: सॉकेटवर २२६, गिझरवर २२५.७, करंट ८.५. मधल्या मध्ये जेमतेम अडीच वॅट. अर्ध्या तासाने मेन बंद करून प्लगला हात लावला, गार होता.

सी-३०१: ताई, आमच्या इस्त्रीचा प्लगही बराच गरम होतो. दाखवू का?

बी-२०४: आधी काढून ठेवा. आलेच.