अनुभव धागा : संकट टळलं नाही, तरी मन थाऱ्यावर आलं

‘नवस बोललो आणि फळला’ हे अनुभव आपण पुष्कळ ऐकतो. इथे मला वेगळं विचारायचंय. दुःख तसंच राहिलं, तरी श्रद्धेमुळे मन शांत झालं, असं कुणाच्या वाट्याला आलंय का? त्या वेळी तुम्ही नेमकं काय करत होता, तेही लिहा. कुठलाही धर्म, कुठलाही पंथ.

लातूरहून एक ताई
३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गाव झोपलं होतं आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. माझा धाकटा भाऊ गेला. पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांनी रोज संध्याकाळी हरिपाठ सुरू केला. मला संताप यायचा. ज्या देवाला आदल्या रात्री वाजतगाजत निरोप दिला, त्याचंच नाव आता कशाला घ्यायचं? वडील म्हणाले, “तू म्हणू नको बाळा, नुसती बस.” मी बसायचे, तोंड फिरवून. टाळ ढिगाऱ्याखाली गेले होते, म्हणून लोक हातांनीच टाळ्यांचा ठेका धरायचे. शेजारच्या शेडमधल्या बाया येऊ लागल्या. प्रत्येकीच्या घरातलं कुणी ना कुणी गेलेलं. संध्याकाळ खायला उठायची, ती तेवढ्या वेळात सरायची आणि रात्री डोळा लागायचा. माझा राग लवकर गेला नाही. पण रागावलेल्या मुलीलाही त्या रांगेत जागा होती, कुणी उठवलं नाही. पुढे कधीतरी ओठ आपोआप हलायला लागले.

पुण्याहून
ताई, वाचून गलबलून आलं. आमचं दुःख त्यामानाने लहान. २०२० साली मिस्टरांची नोकरी गेली, घरात कुणी कुणाशी धड बोलेना. त्यातच पायी वारी रद्द. पादुका दशमीला एसटीने पंढरपूरला गेल्या. सासरे वर्षानुवर्षं आळंदीहून चालणारे. ते रोज पहाटे गच्चीत चालायला लागले आणि माउलींचा त्या दिवशी जिथे मुक्काम असता, त्या गावाचं नाव घेऊन थांबायचे. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद... दिवेघाटाच्या दिवशी तर त्यांनी इमारतीचे जिने चढले! फलटणपर्यंत आम्ही सगळेच त्यांच्या मागे चालत होतो, मिस्टरसुद्धा. पंढरपूरच्या अलीकडची वाखरी आली तेव्हा नोकरी नव्हतीच, पण घरात पुन्हा बोलणं सुरू झालं होतं.

वसईहून
आईला स्मृतिभ्रंश झाला. मी माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला जाऊ लागले. तिथे अनोळखी माणसांची आभाराची पत्रं वाचून दाखवतात, ती ऐकताना आपण एकटे नाही हे कळतं. सुरुवातीला माझं मागणं एकच होतं, आई बरी होऊ दे. ती बरी होणार नव्हती. हळूहळू मागणं बदललं : ती तोच प्रश्न पुन्हा विचारेल तेव्हा मला चिडू देऊ नकोस. हे मागणं मात्र बऱ्याच दिवशी पूर्ण व्हायचं.

रत्नागिरीहून
नवरा कुवेतमध्ये अडकला होता, पगार थकलेला. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर सजद्यात कपाळ टेकलं की दुआ आपोआप घरच्या कोकणीत निघायची. दिवसभर मुलांसमोर हसतमुख राहायचं, सासूला धीर द्यायचा. रडायला हक्काची जागा तेवढीच होती. तिथून उठल्यावर चुलीपाशी जायचं बळ यायचं.

नाशिकहून
वरचे अनुभव मनापासून पटले. माझं एक सांगणं जोडतो, कारण हे वाचणारं कुणी आत्ता त्या काळोखात असेल. पत्नी गेल्यावर मी इगतपुरीला विपश्यनेच्या, म्हणजे मौन पाळून ध्यान करण्याच्या, दहा दिवसांच्या शिबिराला गेलो. मौनात आधी शांती आली नाही, दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. ते सोसता आलं, कारण मधे बरेच महिने गेले होते आणि डॉक्टरांचे उपचार घेऊन झोप सावरली होती. घाव ताजा असताना मी ते करू शकलो नसतो. जप करा, नमाज पढा, देवळात बसा. पण जगणं नकोसं वाटत असेल, तर आजच घरातल्या कुणाला तरी सांगा आणि त्यांना सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. चालू असलेली गोळी कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका.