मदत हवी: जुन्या स्टेशनची जिओकॅश, शेवटचा टप्पा सापडतच नाहीये

पायवाट_७
वैतागलेय आता. तीन रविवार गेले. एका गावच्या बंद पडलेल्या जुन्या रेल्वे स्टेशनाभोवती पाच कॅशची (जीपीएसच्या आकड्यांवरून शोधायच्या लपवलेल्या डब्यांची) साखळी आहे. चार सापडल्या, पाचवी सापडत नाही. कोडं सोडवलंय, उत्तरेच्या दशांशाचे आकडे ४६२ आणि पूर्वेचे २८०. यात चुकायला जागाच नाही. पॉइंट बरोब्बर इंजिनात पाणी भरायच्या टाकीपाशी येतो. टाकीचे चारही पाय चाचपले, प्रत्येक नटबोल्ट फिरवून पाहिला, हात गंजाने लाल झाले. डबी काही नाही. मालकाला मेसेज केला, उत्तर नाही. कॅश चोरीला गेली असं समजून डीएनएफ (सापडली नाही अशी नोंद) टाकू का? कृपया लवकर सांगा, या रविवारी पुन्हा जायचंय.

उगाच_एक
शीर्षक घाईत वाचलं, वाटलं स्टेशनवर कोणाची रोख रक्कम हरवली.

डोंगर_उतार
फोनवर शोधताय ना? तिथेच गडबड आहे. स्वतंत्र जीपीएस यंत्र घ्या. मी बारा वर्षं एकच यंत्र वापरतोय, पावसात पडलं, दगडावर आपटलं, अजून ठणठणीत. फोनचा बाण झाडाखाली गेला की गरागरा फिरतो.

पायवाट_७
दोन वेगवेगळ्या फोनवर पाहिलं, दोन्हीत टाकीच येते. आणि तिथे झाडं नाहीत.

अक्षांश
फोनचा दोष नाही. हे दशांश कशाचे आहेत, अंशाचे की मिनिटांचे (अंशाच्या साठाव्या भागाचे)? नवशिके नव्वद टक्के वेळा इथेच आपटतात. मिनिटाच्या तिसऱ्या दशांशातला एक म्हणजे उत्तर-दक्षिण १.८५ मीटर, अंशाच्या तिसऱ्या दशांशातला एक म्हणजे १११ मीटर. ॲपमध्ये फॉरमॅट चुकीचा निवडला असेल तर तुम्ही भलत्याच गावात उभ्या असाल.

पायवाट_७
मी नवशिकी नाही, दोनशेच्या वर कॅश झाल्यात. मिनिटांचेच दशांश आहेत, आधीच्या चार त्याच पद्धतीने सापडल्या. आणि भलत्या गावात नाही हो, स्टेशनावरच उभी होते!

अक्षांश
मग फॉरमॅट पुन्हा एकदा तपासा.

दगडाखाली
अहो अक्षांश, त्या सांगतायत ना. पायवाट, कोडं काय आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत. फक्त उत्तर दिलंत. आणि पानावर उत्तर तपासणारा चेकर आहे का?

कोडंप्रेमी
कोडं इथे लिहू नका! मालकाने डोकं खपवून रचलेलं असतं, जाहीर सोडवलं की संपलं. कॅशचा क्रमांक, म्हणजे जीसी कोडही देऊ नका. व्यक्तिगत निरोपातून बोला.

डोंगर_उतार
निरोपातून बोलायचं तर चर्चेचा धागा काढायचाच कशाला?

टिकलीएवढं
पेन नेऊ नका, पेन्सिल न्या. डबीतलं सह्यांचं लॉगबुक ओलं असलं की पेन उमटत नाही, पेन्सिल उमटते. खोडरबर नको, उगाच वजन.

पायवाट_७
@टिकलीएवढं, आधी लॉगबुक सापडू द्या हो.
@दगडाखाली, चेकर आहे. लाल दाखवतो. पण मला वाटलं तोच बिघडलाय, कारण पॉइंट इतका चपखल जागी येतोय. एवढ्या मोठ्या माळरानात नेमका टाकीवर येणं हा काय योगायोग आहे?

दगडाखाली
चेकर लाल दाखवतोय हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं! चेकर बिघडत नाही, आपण बिघडतो. योगायोग म्हणाल तर स्टेशनावर टाकी, मालधक्का, केबिन, सिग्नल असं इतकं काही उभं असतं की चुकीचा पॉइंटही कशाला ना कशाला तरी चिकटतोच.
आता सांगा, साखळीतल्या पाचही कॅश स्वतंत्र आहेत की एकाच कॅशचे पाच टप्पे? आणि टाकीच्या सगळ्यांत जवळ कुठली सापडली?

पायवाट_७
पाचही स्वतंत्र, प्रत्येकीचं पान वेगळं. तिसरी मालधक्क्याच्या पायरीखाली होती. तिथून टाकी सत्तर-ऐंशी पावलं असेल.

दगडाखाली
मग विषय संपला. दोन वेगळ्या कॅशच्या डब्यांमध्ये किमान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, अंतर लागतं, नाहीतर नवी कॅश तपासणारा रिव्ह्यूअर ती पासच करत नाही. एकाच कॅशचे टप्पे असते तर ते जवळजवळ चालले असते. तुमच्या तर स्वतंत्र आहेत. सत्तर-ऐंशी पावलांवर पाचवी असूच शकत नाही. टाकीला उगाच त्रास दिलात.

डोंगर_उतार
हे नियम वगैरे ठीक आहे, पण यंत्र असतं तर

अक्षांश
यंत्र असतं तर चुकीच्या जागी जास्त अचूक पोचल्या असत्या.

उगाच_एक
अवांतर: हा खेळ निघाला तरी कधी? आणि कॅशमधला मालक म्हणजे कोण?

डोंगर_उतार
२ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक बंद केली. त्याआधी यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकायचं. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, डेव्ह उल्मरने ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली पुरून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. ती पहिली. मालक म्हणजे ज्याने डबी लपवली तो. बघा, खेळ यंत्रांवरच सुरू झाला, फोनवर नाही.

अक्षांश
२००० मध्ये बहुतेक फोनमध्ये जीपीएस नव्हतं म्हणून! पाऊस पडल्यावर बेडकांनी पाऊस पाडला म्हणण्यासारखं आहे हे.

दगडाखाली
धागा रुळावर आणा. पायवाट, ४६२ आणि २८० आले कुठून? कोडंप्रेमी रागावले तर मी निस्तरतो.

पायवाट_७
पानावर एकच वाक्य आहे: "पॅसिफिक उत्तरेला गेली, कन्सॉलिडेशन पूर्वेला." मी आधी महासागर समजून पंधरा दिवस वाया घालवले. मग कळलं की या वाफेच्या इंजिनांच्या जाती आहेत. शोधलं तर पॅसिफिक म्हणजे ४-६-२ आणि कन्सॉलिडेशन म्हणजे २-८-०. सरळ आहे की नाही?

सिग्नलमन
अरे वा! आता आमचा विषय निघाला. ही व्हाइट पद्धत, फ्रेडरिक व्हाइट यांची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळली. आधी पुढची छोटी चाकं, मग गाडी ओढणारी मोठी, मग मागची छोटी. ४-६-२ म्हणजे पुढे चार, मध्ये सहा, मागे दोन. मॅलार्ड पॅसिफिकच होती, ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैल गाठले, वाफेवर तेवढं आजवर कोणी पळालेलं नाही. २-८-० ही मालगाडीची, पळणारी नाही, ओढणारी. ४-४-० ला अमेरिकन म्हणतात, २-८-२ म्हणजे मिकाडो. फ्रेंच लोक मात्र चाकं मोजत नाहीत, ॲक्सल (चाकांच्या जोड्या) मोजतात, त्यांच्याकडे पॅसिफिक म्हणजे २३१. जर्मन त्याहून वेगळे, मोठ्या चाकांच्या ॲक्सलना अक्षर देतात, त्यांची पॅसिफिक २सी१. स्टेशनावर सेमाफोर (खांबावरच्या हाताचा जुना सिग्नल) उभा आहे का अजून? असल्यास हात वर उठणारा की खाली पडणारा? फोटो टाका ना.

उगाच_एक
प्रश्न काय, उत्तर काय!

सिग्नलमन
माहिती दिली तर बिघडलं कुठे? सेमाफोरचं सांगा.

दगडाखाली
थांबा थांबा. पायवाट, पानावर हिंट आहे का?

पायवाट_७
आहे, पण काही कामाची नाही. "बाजूने बघा" एवढंच. म्हणून तर टाकीच्या सगळ्या बाजूंनी बघितलं.

दगडाखाली
अहो बाई!! हिंट शेवटी सांगताय?
टाकीला नव्हे, इंजिनाला बाजूने बघा. बाजूने उभं राहिलं की पलीकडची चाकं दिसतात का?

कोडंप्रेमी
झालं. फोडलंत.

दगडाखाली
मी फक्त प्रश्न विचारलाय.

पायवाट_७
…
दोन, तीन, एक. आणि एक, चार, शून्य. दोन्ही आकडे बरोबर निम्मे. मी इतके दिवस इंजिनाच्या दोन्ही बाजूंची चाकं मोजत होते. चेकर हिरवा!!!
सिग्नलमन, तुम्ही २३१ लिहिलं होतंत आणि मी वैतागून पुढे स्क्रोल केलं. माफ करा.

सिग्नलमन
माफी नको, सेमाफोरचा फोटो चालेल.

अक्षांश
४६२ ऐवजी २३१ म्हणजे ०.२३१ मिनिट, गुणिले १८५२, सुमारे ४२८ मीटर दक्षिणेला. पूर्व-पश्चिम किती सरकेल ते अक्षांशावर अवलंबून, विषुववृत्तापासून लांब गेलं की रेखांशाचं मिनिट आखडतं. ०.१४० चे जास्तीत जास्त २६० मीटर धरा. मालधक्क्यापासूनही १६१ च्या बाहेर जातंय, हिशोब जुळतो. फॉरमॅट मात्र मिनिटांचाच ठेवा.

डोंगर_उतार
तिथे काय आहे? चालू रूळ असतील तर ओलांडू नका, सांगून ठेवतो.

पायवाट_७
रूळ कधीच उखडलेत, आता तिथे चालायची वाट आहे. नकाशात एक ओढा दिसतोय. रविवारी कळवते.

टिकलीएवढं
पेन्सिल.

पायवाट_७
सापडली! जुन्या वाटेवर ______ च्या तिसऱ्या दगडामागे, बोटाएवढी प्लास्टिकची नळी, वरून शेवाळ चिकटवलेलं. दोनदा हात लावूनही दगडच वाटला. आत लॉगची गुंडाळी, ओली, एका टोकाला चिकटलेली. ती उलगडताना श्वास रोखून धरला होता. माझ्या आधी सातच नावं आहेत. पेन चाललं नाही. ओढ्यातला चिखल काडीला लावून सही केली, फोटो काढलाय. चालेल का अशी सही?
सिग्नलमन, सेमाफोरचा नुसता खांब उरलाय, हात गेला. वरच्या टोकाला पक्ष्यांनी घरटं केलंय.
(स्वसंपादन: कोडंप्रेमींच्या सांगण्यावरून जागेचा शब्द काढला.)

कोडंप्रेमी
"तिसऱ्या दगडामागे" पण काढा.

टिकलीएवढं
चिखलाची सही वाळली की गळून पडते. मालकाने लॉग तपासला तर?

दगडाखाली
मालक मेसेजला उत्तर देत नाही, तो लॉग कुठला तपासतोय. फोटो लॉगबरोबर चढवा, आणि कागद भिजलाय म्हणून दुरुस्तीची खूणही टाका. पुढच्याला कोरडा मिळेल.

सिग्नलमन
खांब लाकडी की लोखंडी?