पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) लेबर रूममधल्या नळाला पाणीच नाही, सुरुवात कुठून करू?

गोदाकाठ_परभणी:
नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात बहिणीची डिलिव्हरी जवळच्या पीएचसीत झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, रात्री अडीचला डॉक्टर आणि सिस्टर धावत आले, त्यांच्याबद्दल वाईट बोलायला तोंड नाही. पण लेबर रूममधलं बेसिन कोरडं ठाक. मावशी मगानं पाणी ओतायल्या आणि सिस्टर हात धुवायल्या, मला दोन घागरी घेऊन हापशावर पाठवलं. संडासला कुलूप, दारावर खडूनं लिहिलेलं 'पाणी नाही'. पहाटं बहीण आईच्या खांद्यावर हात टाकून मागच्या बाभळीकडं गेली, ते बघवत नव्हतं. बोअर आहे, गच्चीवर टाकी आहे, नळ आहेत, नुसतं पाणी नाही. तक्रार केली तर सिस्टरच्याच अंगावर यायची, ते नको. काय करू?

सिस्टर_लातूर:
दादा, बहिणीला आराम पडो. मी १४ वर्षं याच कामात आहे म्हणून सांगते, तक्रार नंतर, आधी लेबर रूमपुरतं पाणी पक्कं करा. आम्हाला शिकवतात स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ, आणि यातलं पहिलंच पाण्यावाचून अडतं. साबणानं हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, तेही वाहत्या पाण्याखाली. एकच मग सगळ्यांच्या हातातून जातो आणि परत बादलीत बुडतो, मग त्या पाण्याचा काय भरवसा? त्यामुळं उद्याच्या उद्या एक झाकणाचा ड्रम, खाली तोटी, विटांच्या ओट्यावर ठेवा, कोपरानं उघडायची तोटी मिळाली तर लई चांगलं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा आम्ही असाच ड्रम ठेवला होता आणि त्याला दुसऱ्या कुणालाच हात लावू दिला नाही.

पाणी लागतं तरी किती बघा. डब्ल्यूएचओचा, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आहे, ओपीडीच्या पेशंटमागं ५ लिटर, भरती पेशंटला दिवसाला ४० ते ६०, एका बाळंतपणाला १००. म्हणजे ओपीडी ८०, भरती तीन आणि एक डिलिव्हरी धरली तरी सातशे लिटरच्या आतच. हजाराची एक टाकी रोज भरली तरी भागतंय.

बोअर_मोटार_जालना:
सिस्टरचं बरोबर आहे. भाऊ, गच्चीवर चढून बघा. मोटार थ्री फेजची आहे का? असेल तर थ्री फेज लाईट असेल तेव्हाच चालणार, रात्री टाकी संपली की संपली. फ्लोट (टाकीतल्या पाण्यावर तरंगणारा गोळा) आहे का, मोटार चालू करायचं काम कुणाकडं आहे, तो सुट्टीवर गेला तर कोण करतं, हे विचारा, बहुतेक ठिकाणी गोम इथंच असते. आणि एक करा, टाकीला दोन आउटलेट काढा, लेबर रूमची लाईन तळाला आणि बाकीच्या सगळ्या लाईनी फूटभर वर. पाणी कमी पडलं तर बाकीचे नळ आधी बंद पडतील, लेबर रूमचा शेवटी. खर्च फार नाही, प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम.

ग्रा_पं_सदस्य:
पैशाचं सांगतो. पीएचसीची रुग्ण कल्याण समिती असते, तिच्यात मेडिकल ऑफिसर सचिव असतात, मोटार, प्लंबिंग असली कामं तिथं मांडता येतात. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो, त्यातला एक हिस्सा बंधित असतो, पाणी आणि स्वच्छतेसाठीच, तेव्हा ग्रामसभेत ठराव घ्या. सिस्टरचं नाव कुठंच घालू नका, अर्ज गावानं द्यावा. आणि २०१५ पासून सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेसाठी कायाकल्प पुरस्कार आहे, ७० टक्क्यांच्या पुढं गुण पडले तर पीएचसीला बक्षीस मिळतं, डॉक्टरांपुढं तोही विषय काढा.

सिस्टर_लातूर:
टाकी धुतल्याची तारीख पेंटनं टाकीवरच लिहून घ्या. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), अर्ध्या तासानं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायचं. गावच्या जलसुरक्षकाला येतं ते. आणि संडासचं कुलूप विसरू नका हो, बाळंतिणीला रात्री बाहेर पाठवणं बरं नाही.

गोदाकाठ_परभणी:
काल मावशीसोबत गच्चीवर गेलो. टाकीचं झाकणच नाही, तळाला बोटभर गाळ, फ्लोट तुटून लोंबकळतोय. मोटार थ्री फेजचीच निघाली. डॉक्टर म्हणले, गावानं अर्ज द्या, मी समितीत ठेवतो. तोटीचा ड्रम आजच घेऊन गेलो, सिस्टरनी लगेच त्यावर 'फक्त लेबर रूम' असं लिहून टाकलं. रविवारी आम्ही पाचजण टाकी धुवायला चाललोय.